लठ्ठपणातला मेदऊतींचा दाह: कोण येतं, कधी येतं आणि का जात नाही

प्रश्न थोडक्यात असा: लठ्ठपणात मेदऊतींमध्ये दाह होतो आणि त्यातून इन्शुलिन-रोध (पेशी इन्शुलिनला दाद न देणं) येतो, असं पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं. हा दाह नेमक्या कोणत्या पेशी करतात, कोणत्या क्रमाने करतात? आणि हे खरं असेल तर दाहविरोधी औषध देऊन टाइप २ मधुमेह आटोक्यात का येत नाही? शिवाय एम.एस्सी.च्या प्रकल्पात उंदरांच्या चरबीतला दाह मोजायचा झाला तर काय सांभाळायचं?

क्रम नीट कळला की औषधांचं कोडं बरंचसं सुटतं, म्हणून आधी क्रम.

सडपातळ प्राण्याच्या चरबीत रोगप्रतिकारक पेशी नसतात आणि लठ्ठपणात त्या बाहेरून हल्ला करतात, हे चित्र डोक्यातून काढून टाका. मेदऊतीचं आकारमान बहुतांश मेदपेशींनी व्यापलेलं असलं, तरी पेशी मोजल्या तर निम्म्याहून जास्त पेशी इतर असतात: रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या, आधारऊतीच्या आणि रोगप्रतिकारक. निरोगी चरबीत त्यांची एक घडी बसलेली असते. आधारऊतीच्या पेशी आयएल-३३ हा संदेशवाहक रेणू सोडतात (पुढे येणारे ‘आयएल’ही असेच रेणू). त्यावर गट २ च्या जन्मजात लिंफॉइड पेशी आणि दाह दाबणाऱ्या नियामक टी-पेशी टिकून राहतात. या लिंफॉइड पेशींच्या आयएल-५ वर इओसिनोफिल जगतात, आणि इओसिनोफिलांच्या आयएल-४ मुळे मॅक्रोफेज (कचरा आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) शांत, साफसफाई करणाऱ्या अवस्थेत राहतात. सडपातळ उंदराच्या पोटातल्या चरबीत सीडी४ टी-पेशींपैकी जवळजवळ निम्म्या नियामक प्रकारच्या असू शकतात. लसीका ग्रंथीत हेच प्रमाण त्याच्या काही अंशानेच असतं. म्हणजे ही ऊती मुळातच दाह दाबून ठेवण्याच्या तयारीत असते. लठ्ठपणात आधी ही घडी विस्कटते, मग बाकीचं घडतं.

विस्कटायला सुरुवात मेदपेशीपासून होते. तिचा व्यास साधारण ५० ते ७० मायक्रॉन असतो, तो १०० च्या पुढे जातो. भोवतीचं कोलॅजनचं जाळं ताठर होतं, रक्तवाहिन्या त्या वेगाने वाढत नाहीत. उंदरात या फुगलेल्या चरबीत ऑक्सिजन कमी पडतो हे स्पष्ट दिसतं. माणसात त्याबद्दल वाद आहे, त्यामुळे ‘ऑक्सिजन कमी पडला म्हणून दाह’ एवढंच उत्तर परीक्षेत लिहू नका. जास्त भक्कम गोष्ट ही की भरलेली पेशी इन्शुलिनला दाद देईनाशी होते, तिच्यातून मुक्त मेदाम्लं झिरपू लागतात, ती एमसीपी-१ सारखे बोलावणी धाडणारे रेणू सोडते आणि शेवटी मरते. मेदपेशीचा मृत्यू साधा नसतो. तिच्या पोटात एक भलामोठा तेलाचा थेंब असतो आणि तो कुठल्याच एका मॅक्रोफेजला गिळता येत नाही.

इथे २००५ सालचं इटलीतल्या सावेरिओ चिंती यांच्या गटाचं काम महत्त्वाचं आहे. लठ्ठ उंदरांच्या आणि माणसांच्या चरबीतले ९० टक्क्यांहून अधिक मॅक्रोफेज मेलेल्या मेदपेशींच्या भोवती कडं करून बसलेले त्यांना दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली मुकुटासारखी दिसणारी ही रचना आजही या दाहाची सर्वात भरवशाची खूण आहे. पेशी खरंच मेली आहे का हे पेरिलिपिन या मेदाच्या थेंबावरच्या प्रथिनाच्या रंजनावरून ठरतं: जिवंत मेदपेशीच्या थेंबाभोवती पेरिलिपिनची कड दिसते, मेलेल्या पेशीच्या थेंबाभोवती नाही. नुसत्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंजनावर विसंबलात तर दोन पेशींच्या मधे दाटलेल्या केशिका मुकुट म्हणून मोजल्या जातात.

घंटागाडी यावी, कचरा उचलावा आणि जावी, हे बरोबर. पण कचरा संपतच नसेल तर गाडी दारातच उभी राहते आणि तिचा धूर घरात येतो. मॅक्रोफेजचं तेच होतं. ते तेल थोडंथोडं गिळतात, स्वतः मेदाने भरतात, तिथेच राहून विभाजन पावतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा, आयएल-६ हे दाहाचे संदेशवाहक (सायटोकाइन) सोडत राहतात.

आता येणाऱ्यांचा क्रम. यातले आठवडे सी५७बीएल/६ जातीच्या नर उंदरांना ६० टक्के कॅलरी मेदातून देणाऱ्या आहारावरचे आहेत. माणसात हाच काळ वर्षांत मोजावा लागेल.

पहिल्या काही दिवसांतच न्यूट्रोफिल येतात. संख्येने ते थोडे, पण त्यांचं इलास्टेज हे विकर यकृत आणि मेदपेशींतलं आयआरएस-१ हे इन्शुलिनच्या संदेशातलं प्रथिन तोडतं. ताणाखालच्या मेदपेशींवर नैसर्गिक मारक पेशींना चेतवणारे रेणू येतात, त्या पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडतात आणि मॅक्रोफेजना पहिला धक्का तिथून बसतो. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सीडी८ टी-पेशी जमू लागतात, म्हणजे मॅक्रोफेजची मोठी गर्दी होण्याच्या आधी. २००९ साली जपानमधल्या गटाने सीडी८ पेशी काढून टाकल्या तेव्हा मॅक्रोफेजही कमी जमले आणि इन्शुलिनला प्रतिसाद सुधारला. त्याच वर्षी दुसऱ्या दोन गटांनी उलट बाजू दाखवली: लठ्ठ उंदराच्या पोटातल्या चरबीत नियामक टी-पेशी घटतात आणि गॅमा इंटरफेरॉन बनवणाऱ्या सीडी४ पेशी वाढतात. बी-पेशींचंही काम निघतं. लठ्ठ उंदरांचे आयजीजी प्रतिद्रव्य बी-पेशी नसलेल्या, पण तोच आहार खाणाऱ्या उंदरांना टोचले तर त्यांचा इन्शुलिन-रोध वाढतो. मॅक्रोफेजची लाट या सगळ्यांच्या मागून येते आणि सगळ्यात मोठी असते. चरबीतल्या एकूण पेशींत मॅक्रोफेज किती, याचा २००३ च्या मूळ शोधनिबंधातला अंदाज असा: सडपातळ उंदरांत आणि माणसांत १० टक्क्यांहून कमी, लठ्ठ माणसांत ४० टक्क्यांच्या जवळपास, आणि लेप्टिन नसलेल्या अतिलठ्ठ उंदरांत ५० टक्क्यांच्या वर.

सोळाव्या आठवड्याच्या सुमारास उंदराच्या वृषणालगतच्या चरबीत मेदपेशींच्या मृत्यूचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत मोजलं गेलं आहे. त्याच उंदराच्या मांडीच्या सांध्याजवळच्या त्वचेखालच्या चरबीत ते ३ टक्क्यांच्याही खाली होतं. हा फरक लक्षात ठेवा. ‘चरबीत दाह होतो’ हे विधान कुठल्या चरबीत हे सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

पाठ्यपुस्तकातला एम१ आणि एम२ हा भेद मात्र आता जपून वापरावा. २००७ साली तो मांडला गेला तेव्हा उपयोगी होता: सडपातळ चरबीत शांत एम२, लठ्ठ चरबीत पृष्ठभागावर सीडी११सी हा रेणू असलेले दाहक एम१. पण एम१ ही व्याख्या प्रयोगशाळेत जिवाणूंचं विष आणि गॅमा इंटरफेरॉन देऊन घडवलेल्या पेशींची आहे, आणि लठ्ठ चरबीतले मॅक्रोफेज त्यात बसत नाहीत. त्यांच्यात मेद हाताळणारी जनुकं जोरात चालू असतात. २०१९ साली एकेका पेशीची आरएनए वाचून ट्रेम२ हा ग्राही असलेले मेद-संलग्न मॅक्रोफेज वेगळे ओळखले गेले. मुकुटात बसलेले मुख्यतः हेच. उंदरातून ट्रेम२ काढून टाकलं तर सुधारणा व्हायला हवी होती, झालं उलटं. मेदपेशी जास्त फुगल्या, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं, ग्लुकोज सहनशक्ती ढासळली. मुकुटातला मॅक्रोफेज खलनायक आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा निकाल दोनदा वाचावा.

मॅक्रोफेज पेटतो कशाने, यावर भारतातून चांगलं काम झालं आहे. संपृक्त मेदाम्लं टीएलआर४ या ग्राहीला चेतवतात हे २००६ पासून मानलं जात होतं, पण मेदाम्ल थेट त्या ग्राहीला धरतं कसं हे जुळत नव्हतं. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीतल्या समीर भट्टाचार्य यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की यकृतातून येणारं फेट्युइन-ए हे प्रथिन मधला दुवा होऊन मेदाम्ल आणि ग्राही यांची गाठ घालतं. कोलकात्यातल्या दीप्यमान गांगुली यांच्या गटाने २०१६ मध्ये पोटातल्या चरबीत प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी (भरपूर इंटरफेरॉन बनवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) चरबीतल्या केमेरिन या प्रथिनाच्या ओढीने येतात आणि टाइप १ इंटरफेरॉन सोडून मॅक्रोफेजना दाहाकडे ढकलतात, हे मांडलं. यांच्या जोडीला एनएलआरपी३ इन्फ्लमासोम हा पेशीच्या आतला प्रथिनांचा संच असतो: मेदातून बनलेले सेरामाइड त्याला चालू करतात आणि आयएल-१ बीटा पक्व होऊन बाहेर पडतं.

आता इन्शुलिनशी संबंध. गोखान हॉटामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा सापडल्याचं आणि ते शोषून घेतल्यावर इन्शुलिनला प्रतिसाद सुधारल्याचं दाखवलं, तिथून हा विषय सुरू झाला. तेव्हा हे टीएनएफ मेदपेशीच बनवते असा समज होता; त्याचा मोठा वाटा मॅक्रोफेजचा आहे हे दहा वर्षांनी कळलं. पुस्तकी मार्ग असा: टीएनएफ ग्राहीला लागलं की जेएनके आणि आयकेके-बीटा हे कायनेज चालू होतात, ते आयआरएस-१ वर सेरीनच्या जागी फॉस्फेट चढवतात, पुढचा पीआय३-कायनेज आणि एकेटीचा संदेश मंदावतो, ग्लुकोज आत घेणारं ग्लूट४ पेशीच्या पृष्ठभागावर येत नाही. हा मार्ग खरा आहे, पण पुरेसा नाही. आयआरएस-१ मधली ३०७ क्रमांकाची सेरीन बदलून तिथे फॉस्फेट चढूच न देणारे उंदीर बनवले गेले. ते इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद द्यायला हवे होते, प्रत्यक्षात त्यांचा प्रतिसाद बिघडला.

दुसरा मार्ग कमी सांगितला जातो आणि तो जास्त वजनदार आहे. टीएनएफ आणि त्याचे साथीदार मेदपेशीतलं पेरिलिपिन घटवतात, त्यामुळे इन्शुलिन असतानाही मेदाचं विघटन थांबत नाही. सुटलेली मेदाम्लं यकृतात जाऊन ॲसिटिल-सीओए वाढवतात. ते पायरुवेट कार्बॉक्सिलेज या विकराला चालना देतं आणि यकृत गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज बनवत राहतं. म्हणजे चरबीतल्या दाहाचा फटका यकृताला पोहोचायला सायटोकाइन रक्तातून तिथवर जावेच लागतात असं नाही, मेदाम्लं पुरतात. सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली आणि यकृतात मेद साठलेला, ही जोडी दवाखान्यात इतकी एकत्र दिसते त्याचं एक कारण हे.

मग दाह हे कारण की परिणाम? दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. उंदराला फक्त तीन दिवस मेदयुक्त आहार दिला तरी इन्शुलिन-रोध येतो, आणि मॅक्रोफेज किंवा लिंफोसाइट नसलेल्या उंदरांतही येतो. सुरुवातीचा रोध नुसत्या मेदाच्या ओझ्याचा असतो. आहार महिनोन्‌महिने चालू राहिला की मग रोगप्रतिकारक पेशी तो टिकवतात आणि वाढवतात. आणखी एक निकाल इथे मांडायलाच हवा: २०१४ साली फिलिप शेरर यांच्या प्रयोगशाळेत मेदपेशीतला दाहाचा संदेशच बंद केलेले उंदीर तयार केले. त्यांच्या चरबीला नीट वाढता आलं नाही, मेद यकृतात जाऊन साठला आणि ग्लुकोज सहनशक्ती बिघडली. थोडा दाह हा चरबीच्या निरोगी वाढीचा भाग आहे: जुनं जाळं तोडायला, नव्या रक्तवाहिन्या यायला तो लागतो. बिघाड तो न संपण्यात आहे.

आता औषधांचं उत्तर सोपं होतं. टीएनएफ रोखणाऱ्या प्रतिद्रव्याने उंदरांत जादू केली. टाइप २ मधुमेही माणसांत १९९६ च्या चाचणीत इन्शुलिनच्या प्रतिसादात काही फरक पडला नाही. आयएल-१ चा ग्राही अडवणारं अनाकिन्रा २००७ मध्ये ७० रुग्णांवर १३ आठवडे तपासलं गेलं. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी निर्देशक) तुलनागटापेक्षा ०.४६ टक्के-बिंदूंनी उतरलं, पण इन्शुलिन-रोध जिथल्या तिथे राहिला. फायदा स्वादुपिंडाच्या बीटा पेशींकडून आला. २०१७ च्या कॅन्टॉस चाचणीत आधी हृदयविकाराचा झटका आलेले आणि सीआरपी हे रक्तातलं दाहदर्शक प्रथिन वाढलेले १०,०६१ रुग्ण होते. दर तीन महिन्यांनी १५० मिलीग्रॅम कॅनाकिनुमॅब (आयएल-१ बीटा अडवणारं प्रतिद्रव्य) घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना १५ टक्क्यांनी घटल्या, नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण मात्र घटलं नाही आणि प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले. सॅल्सलेट हे जुनं, स्वस्त सॅलिसिलेट दिवसाला ३.५ ग्रॅम प्रमाणे ४८ आठवडे दिल्यावर एचबीए१सी ०.३७ टक्के-बिंदूंनी उतरलं, पण एलडीएल आणि लघवीतलं अल्ब्युमिन वाढलं. म्हणून ‘सूज कमी करणारी’ गोळी, काढा किंवा हळदीची कॅप्सूल घेऊन मधुमेह टळेल, या जाहिरातीला या शास्त्राचा आधार देता येत नाही. एक सायटोकाइन अडवलं तरी मरणाऱ्या मेदपेशी तशाच राहतात आणि बोलावणी जात राहतात.

वजन उतरवणं हे वरचं ओझं काढणं आहे, आणि त्याचा परिणाम दिसतो. वजन घटवण्यासाठीच्या जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी घेतलेल्या त्वचेखालच्या चरबीच्या नमुन्यात मॅक्रोफेज आणि मुकुट दोन्ही घटलेले आढळले. मात्र उंदरांत आहार तोडल्यावर पहिल्या काही दिवसांत मॅक्रोफेज उलट वाढतात, कारण मेदाचं विघटन जोरात चालू असतं आणि सुटलेला मेद उचलायला ते येतात. वजनघटीच्या प्रयोगात नमुना कोणत्या दिवशी घेतला याला म्हणूनच महत्त्व आहे. घाई केलीत तर उलटा निष्कर्ष निघेल. २०२४ मधल्या झुरिकच्या कामानुसार वजन उतरल्यावरही मेदपेशींच्या जनुकांवरच्या खुणा बऱ्याच अंशी तशाच राहतात. वजन पुन्हा वाढतं तेव्हा बिघाड लवकर परततो, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

महाराष्ट्राशी याचा थेट संबंध पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून येतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचं शेजारीशेजारी छायाचित्र छापलं गेलं: दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुणे परिसरातल्या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची, साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, पुण्याच्या बाळांत स्नायू कमी, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी तुलनेने टिकून. आपल्याकडे त्वचेखालच्या चरबीची साठवणक्षमता लवकर संपते आणि मेद पोटात नि यकृतात उतरतो, असं यामागचं गृहीतक आहे. या दाहाला लठ्ठ दिसणं आवश्यक नाही, हे त्यातून निघतं. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन धरतात, आणि कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. रक्तातलं उच्च-संवेदी सीआरपी १ मिलीग्रॅम प्रति लिटरखाली कमी जोखमीचं, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. पण ते यकृतात बनतं आणि सर्दी, हिरड्यांचा आजार, काहीही झालं तरी वाढतं; १० च्या वर आलं तर आधी जंतुसंसर्ग शोधा आणि दोनेक आठवड्यांनी चाचणी पुन्हा करा. चरबीतले मुकुट त्यावरून मोजता येत नाहीत.

प्रकल्पाबद्दल. मांडीच्या सांध्याजवळची चरबी घेणार असाल तर तिच्या मधोमध असलेली लसीका ग्रंथी आधी काढा. ती राहिली तर तुमच्या नमुन्यात टी आणि बी-पेशींचा पूर दिसेल आणि तो सगळा खोटा असेल. वृषणालगतच्या चरबीत ही अडचण नाही. ऊती कात्रीने बारीक करा. कोलॅजेनेज साधारण १ मिलीग्रॅम प्रति मिलीलिटर, कॅल्शियम असलेल्या द्रावणात ०.५ ते १ टक्का बीएसए (गोवंशीय अल्ब्युमिन) घालून, ३७ अंशांवर हलवत ३० ते ४५ मिनिटं. वेळ वाढवली की पेशींच्या पृष्ठभागावरचे काही रेणू कापले जातात आणि मॅक्रोफेज ट्यूबमध्येच चेततात. विकराची बॅच बदलली की आधी वेळ पुन्हा ठरवा. ईडीटीएने क्रिया थांबवा, १०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, ५०० जीवर १० मिनिटं फिरवा. वर तरंगतात त्या मेदपेशी, तळाशी बसतो तो तुमचा गाळ. तांबड्या पेशी फोडा, एफसी ग्राही अडवा, मगच प्रतिद्रव्यं घाला.

फ्लो सायटोमीटरमध्ये (चमकणाऱ्या रंगांवरून पेशी मोजणाऱ्या यंत्रात) मेदाने भरलेले मॅक्रोफेज स्वतःच चमकतात. रंग न लावलेला नमुना त्याच लठ्ठ उंदराचा हवा. सडपातळ उंदराचा नियंत्रण नमुना वापरला तर ही चमक सीडी११सी म्हणून मोजली जाते. इओसिनोफिलांसाठी सिग्लेक-एफ ही खूण ठेवाच, कारण मॅक्रोफेजची खूण असलेलं एफ४/८० त्यांच्यावरही थोडं असतं. रक्तातल्या पेशी वेगळ्या काढायच्या तर मारण्याआधी तीन मिनिटं शिरेतून सीडी४५ (सगळ्या पांढऱ्या पेशींवरची खूण) चं रंगीत प्रतिद्रव्य द्या. ज्या पेशी रंगल्या त्या रक्तवाहिनीत होत्या.

उंदरांच्या खोलीचं तापमान लिहून ठेवा. २२ अंशांवर उंदीर सतत थंडी भागवत असतो. ३० अंशांच्या आसपास ठेवलेल्या उंदरांत चरबीतला दाह वाढलेला आढळला आहे, पण त्यासोबत इन्शुलिन-रोध वाढला नाही. आणि निकाल मांडताना नुसती टक्केवारी देऊ नका. लठ्ठ उंदराच्या चरबीचा गोळाच कितीतरी मोठा असतो, शिवाय त्यात मॅक्रोफेज वाढले की बाकी प्रत्येक पेशीची टक्केवारी आपोआप घटते. प्रति ग्रॅम ऊती आणि प्रति संपूर्ण चरबीचा गोळा, असे दोन्ही आकडे द्या, आणि त्यांच्या शेजारी दर १०० मेदपेशींमागे किती मुकुट दिसले ते लिहा, मोजणाऱ्याला नमुना कोणत्या गटाचा हे माहीत नसताना मोजलेले.